मोजणीत न आलेलं अंगण

मथुरा आत्याने तीन दिशांना ओरडून चरगा, शेताला द्यायचा घास, टाकला, आणि चौथ्या दिशेला गप्प राहून. दरवर्षी ती असंच करत असणार. अश्विनीच्या ते ध्यानात आलं ते या वर्षी, कारण तिच्या हातात होकायंत्र उघडलेला फोन होता.

एळ्ळ अमावास्या होती. वर्षातून एवढ्या एका दिवशी मिराशी घराण्यातले सगळे अळणावरजवळच्या शेतावर जमत. केलगेरीहून अश्विनी आणि तिचे अप्पा, यल्लाप्पा. जुन्या हुबळीहून सतीश काका. काकूंच्या माहेरीही आजच शेत पुजायचं असल्यामुळे ते एकटेच आले होते. बाकीचे दोघे शेतावरच राहणारे, चौऱ्याऐंशी वर्षांचे सटवाजी अज्जा आणि त्यांची थोरली लेक मथुरा. बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि आत्या भाताची, भाकरीच्या तुकड्यांची टोपली कमरेवर घेऊन बांधावर उभी राहिली.

"हुल्लुल्लिग्योऽऽ!" तिने पूर्वेला मूठ भिरकावली. मागून सगळ्यांनी आवाज दिला. मग उत्तर. मग दक्षिण. आसपासच्या शेतांतूनही तशाच हाका येत होत्या. पश्चिमेला वळल्यावर मात्र आत्याने ओठ मिटले. पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि मूठ न भिरकावता ओंजळभर भात हळूच खाली ठेवला, पाहुण्याच्या पानात वाढावं तसा. अप्पा आणि काकाही गप्प होते. त्यांना त्यात काही वेगळं वाटत नसावं. लहानपणापासून पाहिलेल्या गोष्टीला माणूस कारण विचारत नाही.

अश्विनीने सवयीने फोनवर नजर टाकली. आत्या अगदी पश्चिमेला तोंड करून उभी नव्हती. थोडी दक्षिणेकडे कललेली होती. नाल्यापलीकडे, सागाच्या रानाच्या वर दोन चिंचांचे शेंडे दिसत होते, बरोबर त्यांच्यावर. हाच कोन अश्विनीने परवा रात्रभर बसून काढला होता आणि वहीत लिहून ठेवला होता. तिने फोनवरचा आकडा पुन्हा वाचून पाहिला.

पानं मांडली. कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्यांच्या पुरणाची होळगी, दही. पाच माणसांना सहा पानं. सहावं पानही वाढून आत्याने त्यावर बुट्टी, लहान टोपली, उपडी घातली. तेही दरवर्षीचंच.

"अश्विनी," सतीश काकांनी पहिल्याच घासाला विषय काढला, "मंगळवारी ये हुबळीला. लॅमिंग्टन रोडच्या एका शाळेत बोलून ठेवलंय मी. बी.एड.ला नाव घातलंस की झालं. भूगोलाला बाई पाहिजेच आहेत त्यांना."

काकांचं त्याच रस्त्यावर वह्या-दप्तरांचं दुकान होतं, त्यामुळे दहा शाळांचे शिपाई ते हेडमास्तर सगळे त्यांच्या ओळखीचे.

"काका, माझं हैदराबादचं ठरलंय. सांगितलं होतं की मी."

"ते नकाशाच्या कंपनीचं? नद्या-डोंगर पाठ करून कंपनीत काय करूलीस गे?"

"पाठ कोण करूलंय, सतीश?" अप्पा म्हणाले. रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला लेकीचा अभ्यास कळत नव्हता, पण त्याचा अभिमान मात्र पुरेपूर होता. "विमानानं काढलेल्या चित्रावरून ती जमीन ओळखते. कुठं पाणी, कुठं खडक. सांग गे त्याला."

"विमान नाही अप्पा, उपग्रह." अश्विनी हसली. मग काकांकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाली, "माझ्या पुढच्या वर्गातली कौसल्या आता बेंगळूरला पूर येणाऱ्या गावांच्या याद्या करते. सुमंत धारवाडातच आहे, जमिनीखालच्या पाण्याच्या पायपांचे नकाशे करतो. एक जण जंगल खात्यासाठी वणव्यांवर नजर ठेवतो. एम.एस्सी.नंतर शिकवणंही असतं, काका, पण तेवढंच नसतं."

"मुलीच्या जातीनं एकटं हैदराबाद..."

"जाऊ दे की तिला!" हे मथुरा आत्या म्हणाली. अश्विनीची आई गेल्यापासून चार वर्षं आत्याचा शब्द या पोरीपुरता शेवटचा असायचा. "आपण सगळी या नाल्याच्या अलीकडं जन्मलो, अलीकडंच मरणार. एक तरी जाऊ दे पलीकडं."

काका हात झटकून वांग्याकडे वळले. पारडं आपल्या बाजूला झुकलंय हे पाहून अश्विनीला धीर आला, आणि तिथेच तिचं चुकलं.

"फक्त एक काम अडलंय," ती म्हणाली. "प्रबंध महिनाअखेर द्यायचाय. तो झाला तर डिग्री, डिग्री झाली तर नोकरी. आणि गुरुराज सर जागेवर जाऊन आल्याशिवाय सही करत नाहीत. माझा विषय बेचिराख गावं. सरकारच्या यादीत ज्यांचं नाव आहे, नंबर आहे, हद्द आहे, पण माणूस एकही नाही, अशी. अळणावरच्या बाजूला सतरा निघाली. सोळा पाहून झाली. सतरावं कुठं आहे तेच कळत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशात आहे, नंतरच्या नकाशात तिथं नुसतं झुडपी रान दाखवलंय. मी दोन्ही नकाशे एकावर एक बसवले, रेल्वेची रूळवाट आणि नाल्याचे सांधे जुळवून. तर काय, आपल्या शेतापासून दीड किलोमीटरवर! आज जाऊन येते. अत्तीकोप्प."

शब्द तोंडातून पडला आणि आजूबाजूच्या शेतांतल्या हाकाही नेमक्या तेव्हाच थांबल्या. आत्याच्या हातातलं दह्याचं भांडं कलंडलं. दही पानावरून मातीत गेलं, तिने सावरलं नाही.

"जेवताना ते नाव घ्यायचं नसतं," ती म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"का?"

"घ्यायचं नसतं. जायचं पण नसतं. तुझ्या सरांना सांग, मिळालं नाही म्हणून."

"असं कसं सांगू आत्या? मिळालंय ते."

"मग ती कंपनी नको न काही नको. सतीश म्हणतोय ते बरोबर हाय. मास्तरीण हो, इथंच राहा."

अश्विनीला धक्काच बसला. आत्ता घटकेपूर्वी हैदराबादला पाठवणारी बाई ही. तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पा मान खाली घालून भाकरीचे तुकडे करत होते. तोंडात मात्र घालत नव्हते.

आश्चर्य म्हणजे धावून आले ते सतीश काका. त्यांना देवधर्म नको होता असं नाही, पण कुणी कारण न सांगता 'नाही' म्हटलं की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची.

"का जायचं नसतं गे अक्का? पन्नास वर्षं ऐकूलोय मी हे. पलीकडं जाऊ नको, पलीकडं बघू नको. काय आहे काय तिथं?" त्यांनी हात धुतला. "चल अश्विनी, मी येतो. पोरगी रात्ररात्र जागून अभ्यास करते आणि आपण तिला भीती घालूलोय!"

"सतीश, ऐक..."

"किती वाजले?" अज्जांनी विचारलं. इतका वेळ ते झाडाला टेकून डोळे मिटून होते. हल्ली ते दिवसातून चार वाक्यंही बोलत नसत.

"पावणेबारा, अज्जा."

"बारा टळू देत."

पण काका चपला घालून निघालेही होते. अश्विनी पिशवी उचलून त्यांच्या मागे धावली. बांध ओलांडताना तिने मागे पाहिलं, तर आत्या सहाव्या पानावरची बुट्टी दोन्ही हातांनी दाबून धरून बसली होती.

नाल्यात पाणी नव्हतं. पलीकडच्या चढावर घाणेरीची झुडपं माजली होती, आणि त्यांच्यावर सागाचं रान. गळलेल्या पानांचा घोट्यापर्यंत थर. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. पहिली काही मिनिटं काका बोलत होते, दुकानाबद्दल, हुबळीच्या ट्रॅफिकबद्दल. मग आपसूक गप्प झाले. पाखरू बोलत नव्हतं. सूर्य डोक्यावर होता आणि सावल्या पायांखाली दडल्या होत्या.

"हे बघा काका," अश्विनी वाकून म्हणाली. खापरांचे तुकडे. पुढे जात्याची फुटकी तळी. मग त्या दोन चिंचा, तिघांच्या कवेत न मावणाऱ्या. सर वर्गात सांगायचे, रानात चिंचा दिसल्या तर थांबा; तिथे कधीतरी कुणीतरी राहत होतं. अश्विनी थांबली. तिचं काळीज आनंदाने धडधडत होतं. नकाशावर नकाशा बसवून, खोलीत बसून काढलेली जागा बोटभरही चुकली नव्हती.

चिंचांच्या मागे दगडी जोत्यांच्या रांगा होत्या. दहा-बारा घरं असावीत. सगळी पानांनी, वारुळांनी गिळलेली. एक सोडून.

शेवटच्या जोत्यावर दगडी उंबरा शाबूत होता आणि उंबऱ्यावर सागवानी चौकट उभी होती. दार नव्हतं, भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. नुसती चौकट, काळी पडलेली. आणि तिच्यापुढे अंगण होतं.

त्या अंगणात एकही पान नव्हतं.

चारी बाजूंना घोटाभर पाचोळा आणि मधे आखून घेतल्यासारखा चौकोन, झाडून लख्ख केलेला. मातीवर केरसुणीचे अर्धगोल उमटलेले. अश्विनीला आठवलं, उपग्रहाच्या चित्रांमध्ये हा पांढरट ठिपका तिने पाहिला होता. उघडा खडक, असं वहीत लिहूनही ठेवलं होतं.

"कोण राहतंय इथं?" काका मोठ्याने म्हणाले. मग रानाकडे तोंड करून ओरडले, "कोण हाय?"

काही नाही. त्यांनी खाली वाकून मातीला बोट लावलं आणि बोट झटकन मागे घेतलं. "ओलं हाय."

सडा घातला होता. भर बाराला, जानेवारीच्या उन्हात, मातीवर सड्याचे थेंब वाळायचे होते.

"कुणी धनगर असेल," काका म्हणाले.

"असेल." अश्विनीने पिशवीतून तीस मीटरचा टेप काढला. भीतीवर तिच्याकडे एकच औषध होतं, मोजणं. झाडांच्या दाटीत फोनवरची जागा दहा-दहा पावलं उड्या मारत होती, म्हणून अंगण टेपनेच मोजायचं होतं. "काका, हे टोक त्या कोपऱ्यावर धरा. मी चौकटीच्या मागून फिरून पलीकडं जाते."

चौकटीच्या मागे करवंदीची जाळी होती. तिला वळसा घालताना काका दिसेनासे झाले. टेप हातातून सुटत गेला, ढिला, पाचोळ्यावरून खरखरत. पलीकडच्या कोपऱ्यावर पोचली तरी काकांचा कोपरा जाळीआडच होता. ती ओरडली, "काका, ताणून धरा!"

टेप उचलला गेला. जमिनीपासून कंबरेएवढा. घट्ट ताणला गेला, एखाद्या सवयीच्या हाताने धरावा तसा, न थरथरता. सात मीटर चाळीस. तिने वहीत लिहिलं. "अजून जरा डावीकडं!" टेप डावीकडे सरकला. सात पंचवीस. तेही तिने लिहिलं.

"अश्विनी." काकांचा आवाज तिच्या पाठीमागून आला.

ती वळली. काका चिंचेखाली उभे होते, हातात फोन. "रेंज मिळते काय बघायला आलो होतो इकडं. टेपाचं टोक दगडाखाली ठेवलंय मी. का गे? काय झालं?"

अश्विनीच्या हातातला टेप अजून ताणलेला होता. काकांची नजर तिच्या मुठीवरून टेपावर गेली, टेपावरून जाळीकडे. दोघांनीही ते पाहिलं. मग पलीकडून कुणीतरी हळूच सोडून द्यावा, झटका बसू नये याची काळजी घेऊन, तसा टेप खाली आला आणि पानांवर निजला.

अश्विनीने तो गुंडाळायला घेतला. टोक हातात आलं तेव्हा त्याला शेणाचा ओला वास येत होता.

परत येताना दोघंही धावले नाहीत. धावलो तर काहीतरी मान्य केल्यासारखं होईल, असं दोघांनाही वाटत होतं. शेताच्या बांधावर आल्यावर मात्र काका खाली बसले. अप्पांनी पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी एका दमात रिकामा केला.

"धरलं काय?" अज्जांनी विचारलं.

कुणी काही सांगितलेलं नव्हतं. अश्विनी त्यांच्याजवळ जाऊन बसली. "काय, अज्जा?"

"टोक." अज्जांनी मूठ वळून दाखवली. "मला पण धरून दिलं होतं. साखळीचं."

मग त्या दुपारी सटवाजी अज्जा जेवढं बोलले तेवढं त्यांच्या मुलांनीही कधी ऐकलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी ते मोजणी खात्यात साखळी धरणारे मजूर होते. नवा नकाशा व्हायचा होता आणि साहेब रानोरान फिरत होता. त्या अंगणात सटवाजीने एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाचा गडी त्याच्या शेजारी उभा राहून विडी पेटवत होता, आणि साखळी ताणली गेली. गडी पळाला. साहेब मागे राहिला होता, त्याने काही पाहिलं नाही. सटवाजीने साखळी गोळा केली आणि साहेबाला सांगितलं, पुढं काही नाही साहेब, नुसती काटेरी झुडपं हायेत.

"साहेबानं तसंच लिहिलं," अज्जा म्हणाले. "माझ्या एका शब्दानं गाव गेलं नकाशावरनं. मला बरं वाटलं तेव्हा. म्हटलं, आता कुणाला कळणार नाही."

"काय कळणार नाही, अज्जा?"

अज्जांनी मथुरेकडे पाहिलं. आत्याने तोंडाला पदर लावला होता.

"आपण तिथलेच," अज्जा म्हणाले. "माझ्या आज्याची धाकटी बहीण होती. पंधरा वर्षांची. पलेगच्या साथीत तिच्या काखेत गाठ आली. गावानं बाहेर पडायचं ठरवलं होतं. बारकी पोरं होती सगळ्यांची. आज्यानं घागरभर पाणी ठेवलं, दिवा ठेवला, भाकऱ्या ठेवल्या. आणि निघताना दाराला बाहेरनं कडी घातली. ती मागनं येऊ नये म्हणून."

बन्नीच्या झाडाची बारीक पानं पांडवांवर पडत होती.

"तीन महिन्यांनी परत आले. कडी तशीच होती, बाहेरनं घातलेली. दार उघडलं. आत कोण नाही. अंथरूण घडी करून ठेवलेलं, घागर घासून पालथी घातलेली. आणि अंगण झाडलेलं. मग त्या गावात कुणी राहिलं नाही. आज्यानं सांगितलं, नाव काढू नका. गावाचं नको, तिचं पण नको."

"बाप्यांनी सांगितलं नाव काढू नका," आत्या एकदम बोलली, "पण बायका जात होत्या, अज्जा. माझी आजी जायची. मरताना तिनं केरसुणी माझ्या हातात दिली. म्हणाली, वर्षाला एकदा झाडून ये, पोर एकटीच झाडत बसते. मी जायची. तुम्ही दोघं भाऊ हुबळीला, अज्जा झोपलेले असायचे, तेव्हा जायची."

अप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे आजचं अंगण तू झाडलंस, अक्का. सडा तू घातलास."

आत्याने नकारार्थी मान हलवली. मग लुगडं थोडं वर करून सुजलेला गुडघा दाखवला, जणू पुरावा मागितला होता. "तीन वर्षं झाली मला नाला ओलांडून."

अश्विनीने फोन काढला. गेल्या नऊ वर्षांतली, हिवाळ्यातली नऊ चित्रं तिने प्रबंधासाठी जपून ठेवली होती. ती एकेक करून दाखवू लागली. भुरकट रान, आणि रानात नखाएवढा पांढरा चौकोन. हे आत्या जायची तेव्हाचं. हेही. मग परवाच्या साली, गेल्या साली, यंदा. चौकोन तसाच. उलट कडा अधिक रेखीव.

सतीश काकांनी ते पाहिलं आणि आभाळाकडे पाहिलं, तिथून कुणी आपल्यालाही पाहत असल्यासारखं. "पोरीनं अजून झाडायचं थांबवलं नाही," ते पुटपुटले. "घरची माणसं येतील म्हणून."

मग अश्विनीनेच विचारलं, "आता मी काय लिहू, अज्जा?"

"लिहू नको," आत्या म्हणाली. "कागदावर चढलं की लोक येतात. मशिनी येतात. राहू दे तिला."

"लिहू नको काय?" काका उसळले. "अक्का, तिला कोंडून घातलं आपण, आणि वर नाव पण पुसलं. आणखी किती दिवस?"

"तू आज एकदा गेलास आणि मला शिकवतोस?"

"भांडू नका," अप्पा म्हणाले. "अज्जांना ठरवू दे."

अज्जा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "मी खोटं सांगितलं," ते म्हणाले. "साठ वर्षं खोटं चाललं. यल्ला, तुझी लेक शिकली ती कशाला? लिही गे. हाय तिथं हाय म्हणून लिही." मग काठी रोवून ते उठू लागले. "पण आधी मला घेऊन चला."

नाल्यापर्यंत ट्रॅक्टर गेला. पुढे अप्पांनी अज्जांना आधार दिला, आणि काकांनी, ज्यांनी घटकेपूर्वी आत्याशी भांडण केलं होतं, तिला सरळ पाठुंगळी घेतलं. "सोड रे, पडशील," ती म्हणत होती. "गप बस गे अक्का," ते म्हणत होते. अश्विनी सहावं पान बुट्टीखाली झाकून पुढे चालत होती. दीड किलोमीटरला तास लागला. चिंचांपाशी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. सागाची पानं एकेक करून गळत होती, आणि अंगणाच्या वर आली की थोडी बाजूला सरकून पडत होती. की तसं वाटत होतं, कोण जाणे. अश्विनीने ते मोजायचं नाही असं ठरवलं.

आत्या अंगणाच्या कडेला उतरली. पान उंबऱ्यासमोर ठेवलं, बुट्टी काढली. "जेव गे," ती म्हणाली. मग सगळे चौकटीसमोर उभे राहिले, पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नसल्यासारखे.

"तिचं नाव काय होतं, आत्या?" अश्विनीने हळूच विचारलं. "तुला माहीत असणार."

आत्याने बापाकडे पाहिलं. अज्जांनी मान डोलावली.

"साळू."

शंभरावर वर्षांत ते नाव त्या अंगणात कुणी उच्चारलं नव्हतं. चौकटीच्या पलीकडे पाचोळा वाजला. एक पाऊल. थांबलं. मग दुसरं. अश्विनीने काकांचा दंड घट्ट धरला. पावलं चौकटीपाशी आली आणि थांबली, दाराशी थांबतात तशी. पलीकडे करवंदीची जाळी स्वच्छ दिसत होती, आणि दुसरं काहीच दिसत नव्हतं.

अज्जा काठी टाकून पुढे गेले. चौकटीच्या उजव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, जिथे दाराची कडी असते तिथे त्यांनी हात नेला. तिथे दार नव्हतं, कडी नव्हती, हवा होती. बोटांना ती कडी जड लागली असावी, कारण त्यांना दुसरा हातही लावावा लागला. त्यांनी ती उचलली, सोडवली आणि खाली सोडली.

"चुकलं आमचं, साळू," ते म्हणाले. "ये बाई बाहेर."

आणि उंबऱ्यासमोर उभे असलेले सगळे मिराशी, अप्पा, काका, आत्या, अश्विनी, कुणी कुणाला काही न सांगता, एकाच वेळी दोन्ही बाजूंना सरकले आणि त्यांनी मधे वाट करून दिली.